वर जाताना काही होत नाही

दाढेवर कॅप बसवायची होती. धातूची की झिर्कोनियाची, असं डेंटिस्टने विचारलं आणि मी फारसा विचार न करता झिर्कोनिया म्हणून मोकळी झाले. त्यात शहाणपण किती होतं आणि जुना हिशेब किती, ते नक्की सांगता येणार नाही. याच पदार्थाने पंचवीसेक वर्षांपूर्वी माझी अख्खी रात्र वाया घालवली होती.

तेव्हा मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रोजेक्ट दिसायला सोपा होता. झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडची, शुद्ध पांढरी पावडर घ्यायची, प्रेसमध्ये दाबून तिच्या शर्टाच्या बटणाएवढ्या पेलेट करायच्या आणि १५०० अंश सेल्सिअसला भाजून त्या टणक करायच्या. सहा पेलेट मुशीत ओळीने मांडल्या, भट्टी लावली आणि दर तासाला उठून तापमान वहीत टिपत बसले. पहाटे भट्टी आपोआप बंद झाली. सकाळी दार उघडलं तर सहाही चकत्या जागच्या जागी, अगदी गोल दिसत होत्या. पहिलीला चिमटा लावला आणि तिचा भुगा झाला. दुसरीचंही तेच. भेगांचं इतकं बारीक जाळं पडलं होतं, की केवळ कुणी हात लावला नव्हता म्हणून त्या चकत्या चकत्या राहिल्या होत्या.

मला वाटलं, आच जास्त झाली. सर आले, मुशीत डोकावले. "वर जाताना काही होत नाही गं," एवढंच म्हणाले, "येताना होतं." आणि आपल्या कामाला निघून गेले.

तेव्हा रागच आला होता. पण पुढे शिकताना, आणि नंतर शिकवताना, ऑक्साइडांच्या ज्या ज्या गोष्टीत शिरले तिथे हे वाक्य कुठे ना कुठे भेटत गेलं. तापवलं, चेपलं, किरणांनी झोडपलं की पदार्थ बदलतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दाब काढून घेतल्यावर, भट्टी विझल्यावर काय होतं? तो पुन्हा पहिल्यासारखा होतो, की नाही होत? आणि होताना आसपासच्यांचं काय करतो? मला त्यातलं जे काही सांगण्यासारखं वाटतं, ते सगळं या परतीच्या प्रवासात आहे.

ऑक्साइड म्हटलं की आपण धातूचं नाव आधी घेतो: लोहाचं ऑक्साइड, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. आत शिरून पाहिलं तर मात्र जागा बहुतेक ऑक्सिजनने व्यापलेली असते. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजन वजनाने निम्म्याच्या आसपास आहे, पण आकारमान मोजलं तर नव्वद टक्क्यांहून अधिक त्याचंच. मोठमोठे चेंडू एखाद्या खोक्यात ठासून भरले आणि मधल्या फटींमध्ये बारीक गोट्या सोडल्या, तर चेंडू म्हणजे ऑक्सिजन आणि गोट्या म्हणजे सिलिकॉन, मॅग्नेशियम वगैरे मंडळी. म्हणून ऑक्साइडची रचना विचारायची झाली तर प्रश्न एकच असतो, एका गोटीभोवती किती चेंडू? चार, सहा, सात, आठ? बाहेरून कितीही अक्राळविक्राळ घडत असो, आत बहुतेक वेळा हाच आकडा बदलत असतो.

झिर्कोनियाचंच घ्या. खोलीच्या तापमानाला त्यातल्या प्रत्येक झिर्कोनियमभोवती सात ऑक्सिजन असतात आणि रचना जराशी कललेली, तिरकस असते. ११७० अंशांच्या आसपास ती ताठ होते, शेजारी आठ होतात आणि जागा थोडी कमी लागते. २३७० अंशांच्या वर ती पूर्ण घनाकार होते. चढताना रचना आक्रसते. ते एक वेळ खपून जातं, कारण पावडरीचे कण अजून एकमेकांना पक्के चिकटलेले नसतात. उतरताना मात्र आधीचा तिरकसपणा परत येतो, साधारण ९५० अंशांच्या आसपास, आणि आकारमान चार-पाच टक्क्यांनी फुगतं. आता सगळे कण एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले. फुगायला जागा कुठे आहे? शिवाय हा बदल सावकाश, अणू इकडून तिकडे सरकत सरकत होत नाही. पत्त्यांचा कॅट बाजूला रेटावा तसा सगळा थर एका झटक्यात सरकतो. मी वहीत आकडे टिपत बसले होते तेव्हाच कधीतरी भट्टीच्या आत हे घडलं असणार. बाहेर आवाजसुद्धा आला नाही.

यावर काढलेला उपाय मला आजही चलाख वाटतो. झिर्कोनियात थोडा इट्रिया, म्हणजे इट्रियम धातूचं ऑक्साइड, मिसळला की ती ताठ रचना खोलीच्या तापमानालाही टिकते. टिकते म्हणजे कशीबशी टिकते. आतून तिला तिरकं व्हायचंच असतं, पण शेजारचे कण दाबून धरतात आणि तिला हलता येत नाही. गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को या तिघांनी १९७५ साली दाखवून दिलं, की हा अडकलेपणा कामाला लावता येतो. पदार्थात एखादी भेग पुढे सरकू लागली की तिच्या टोकाशी ताण पडतो, शेजाऱ्यांची पकड ढिली होते आणि तिथले कण पटापट जुन्या रूपात जातात. जाताना फुगतात. ते फुगणं भेगेच्या दोन्ही बाजूंनी दाबतं आणि भेग थांबते. ज्या फुगण्याने माझ्या सहा चकत्या गेल्या, तेच इथे राखणीला बसवलेलं आहे. त्यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकात 'सिरॅमिक पोलाद' असा शब्द वापरला होता, पुढे प्रश्नचिन्ह टाकून. ते प्रश्नचिन्ह मला फार आवडतं.

गारगोटीची तऱ्हा वेगळी. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन. ती तापवली की ५७३ अंशांना तिच्यात एक बदल होतो आणि थंड करताना त्याच तापमानाला तो निमूट उलटा होतो. तिथे कुठलाच बंध तुटत नाही. चौकड्या आपापल्या कोपऱ्यांवर किंचित फिरतात आणि परत येतात. दाराच्या बिजागरीला उघडण्या-मिटण्याचं काय एवढं?

पण बंध तोडून आणखी घट्ट रचना करायची असेल, तर एरवीच्या दाबात ते होत नाही. अपघर्षक, म्हणजे घासायचे कठीण पदार्थ, बनवणाऱ्या नॉर्टन कंपनीतला रसायनज्ञ लोरिंग कोस याने १९५३ साली सिलिका वातावरणाच्या सुमारे ३५,००० पट दाबाखाली तापवली, तेव्हा तिचं एक नवंच, जास्त घट्ट रूप हाती आलं. ते आज कोसाइट म्हणून ओळखलं जातं. त्यातही सिलिकॉनभोवती चारच ऑक्सिजन होते, फक्त चौकड्या दाटीने बसलेल्या. १९६१ साली सेर्गेई स्तिशोव्ह आणि पोपोव्हा यांनी त्याच्या कितीतरी पलीकडे, एक लाख वातावरणांच्या आसपास मजल मारली. तिथे सिलिकॉनने हात टेकले आणि सहा शेजारी पत्करले. घनता बघितली तर हे किती मोठं आहे ते कळतं. क्वार्ट्झ २.६५, कोसाइट २.९२, स्तिशोव्हाइट ४.२९. रासायनिक सूत्र तिन्हींचं एकच. वाळू तीच, पण मूठभर घेतली तर दीडपटीहून जड.

यातलं नवल असं, की स्तिशोव्हाइट टेबलावर ठेवता येतं. दाब गेला, भट्टी गेली, तरी ते सहा शेजारी धरून बसतं. त्याला चारावर परत यायचं तर बंध तोडावे लागतील आणि तोडायला लागणारी ऊर्जा खोलीच्या तापमानात मिळत नाही. चांगलं तापवलं तर मात्र त्याचा धीर सुटतो. म्हणूनच ते साक्षीदार म्हणून उपयोगी पडलं. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधलं सव्वा किलोमीटर रुंदीचं विवर ज्वालामुखीचं की अशनीचं, हा वाद कित्येक वर्षं चालला होता. १९६० साली चाओ, शूमेकर आणि मॅडसेन यांना तिथल्या वाळूच्या खडकात कोसाइट सापडलं आणि दोन वर्षांत स्तिशोव्हाइटही मिळालं. ज्वालामुखीकडे उष्णता रग्गड असते, पण पृष्ठभागावर एवढा दाब तो कुठून आणणार? तो आला होता एका क्षणात, आघाताच्या लाटेतून, आणि त्याची नोंद वाळूच्या कणांत राहून गेली.

इथे एक फोटो सांगावासा वाटतो. माझ्या टेबलासमोर तो बरीच वर्षं चिकटवलेला होता. आल्प्सच्या पश्चिम भागातल्या डोरा मायरा नावाच्या डोंगररांगेतल्या खडकात १९८४ साली क्रिस्तियाँ शोपाँ यांना कोसाइट सापडलं. अशनीचा संबंध नाही. तो खडक मुळात पृथ्वीच्या कवचातलाच, जमिनीखाली ९०-१०० किलोमीटर ओढला गेला आणि पुन्हा वर आला. त्या खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की गार्नेट नावाच्या फिक्या गुलाबी खनिजाच्या मधोमध एक ठिपका दिसतो. ठिपक्याचा गाभा कोसाइटचा. त्याच्याभोवती क्वार्ट्झची झालर. आणि त्या झालरीपासून गार्नेटमध्ये चारी दिशांनी भेगा पसरलेल्या, लहान मूल सूर्य काढतं ना, तशा. वर येताना कडेचं कोसाइट परतलं, क्वार्ट्झ झालं, दहा टक्के फुगलं आणि त्याने आपल्या यजमानाला तडकवलं. गाभा तेवढा राहिला, कारण गार्नेटने तडकेपर्यंत त्याला आवळून धरलं होतं. तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मुशीतल्या चकत्याच आठवल्या. भट्टी जरा मोठी होती, इतकंच.

एवढा दाब प्रयोगशाळेत आणायचा तर मोठं यंत्र लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते तळहातावर मावतं. दोन हिरे, टोकं घासून सपाट केलेली, समोरासमोर. मध्ये धातूची पातळ पट्टी आणि तिला केसाच्या जाडीचं भोक. नमुना त्या भोकात. हे हिऱ्याच्या ऐरणीचं तंत्र १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये तयार झालं. ऐरण पारदर्शक असल्यामुळे चेपलं जात असताना आत बघता येतं, ही त्याची खरी मौज. आतला दाब मोजायला माणकाचा एक कण टाकतात. माणिक हेही ऑक्साइडच, ॲल्युमिनियमचं, क्रोमियमने लाल झालेलं. हिरवा लेझर मारला की तो कण ६९४ नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतो आणि दर गिगापास्कलमागे, म्हणजे दर दहा हजार वातावरणांमागे, ही चमक सुमारे ०.३६ नॅनोमीटरने लालाच्या आणखी आत सरकते. १९७२पासून जगभर दाब असाच वाचला जातो. एका ऑक्साइडची पिळवणूक दुसऱ्या ऑक्साइडच्या तोंडून ऐकायची.

मला हे यंत्र हाताळायला मिळालं ते दोन आठवड्यांसाठी, पाहुणी म्हणून. आम्ही क्वार्ट्झ चेपत होतो, न तापवता. अपेक्षा अशी की २५-३० गिगापास्कलला त्याची रचना विस्कटावी. हेमली आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली ते दाखवलेलं होतं. स्तिशोव्हाइटला लागणारा दाब तर केव्हाच मागे पडतो, पण उष्णता नसल्यामुळे अणूंना तिथवर जायची वाट सापडत नाही. मग क्वार्ट्झ ना इकडचा राहतो ना तिकडचा, काचेसारखा अस्ताव्यस्त होऊन बसतो. चार स्क्रू, एकेक आळीपाळीने, ॲलन कीने अगदी जरासा फिरवायचा. प्रत्येक वेळी माणकाची चमक बघायची, थांबायचं. चौथ्या दिवशी आम्ही वीसच्या पुढे गेलो होतो. सूक्ष्मदर्शकात तो कण, एखाद्या अंधाऱ्या विहिरीच्या तळाशी निखारा असावा तसा लाल.

मग दाब उतरवायची वेळ आली, आणि मी एका बाजूचा स्क्रू जरा जास्त सैल केला. टक् असा आवाज झाला. बारीक, नखाने नख वाजवावं इतपत. खालच्या हिऱ्याच्या टोकाला आडवी चीर गेली होती. चढवताना मी श्वास रोखून काम केलं होतं. उतरवताना बोलत होते.

यजमानांनी काही म्हटलं नाही. हिरे चढवतानाही फुटतात, उतरवताना तर हमखास फुटतात, असं एकाने नंतर सांगितलं. सांत्वन म्हणून सांगितलं असेल. मला मात्र मुशीत डोकावणारे सर आठवले.

'कोळसा दाब सोसतो म्हणून हिरा होतो' असं लिहिलेली पोस्टरं दिसली की म्हणूनच मला जरा चीड येते. एक तर नैसर्गिक हिरे कोळशापासून होत नाहीत. दुसरं म्हणजे हिरा बनणं हा त्या कहाणीचा अर्धाच भाग. तो वर आणणाऱ्या शिलारसाने जराही रेंगाळत प्रवास केला असता, तर वाटेतच त्याचं ग्रॅफाइट झालं असतं. त्याचं कौतुक व्हावं ते आत शिरण्याबद्दल नव्हे, झटकन बाहेर पडण्याबद्दल.

असो. हिऱ्याचा विषय निघालाच आहे तर पृथ्वीच्या पोटात जाऊ. खाली जावं तसतसं प्रावरणातलं ऑलिव्हिन हे खनिज ४१० किलोमीटरवर एकदा रूप बदलतं आणि मग ६६० किलोमीटरवर, सुमारे २३ गिगापास्कल दाबाखाली, त्याची शकलं होतात. तिथून खाली सिलिकॉनभोवती सहा ऑक्सिजन. म्हणजे भूकंपाच्या लाटा ज्या सीमेवर अचानक वेग बदलतात, ती सीमा म्हणजे अखेर स्तिशोव्हाइटवाला तोच चाराचा सहा होणं आहे. या सीमेखालचं मुख्य खनिज पृथ्वीच्या आकारमानाचा तिसरा हिस्सा तरी सहज व्यापतं. म्हणजे पृथ्वीवरचं सगळ्यात विपुल खनिज. आणि त्याला २०१४पर्यंत नाव नव्हतं! नियम असा, की निसर्गातला नमुना नीट तपासल्याशिवाय खनिजाला नाव मिळत नाही. आणि नमुना वर येईल तर ना? येताना तो टिकत नाही. अखेर ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम अशनीत, आघाताने वितळलेल्या बारीक शिरांमध्ये तो सापडला. तोही इतका नाजूक, की इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली धरला तर बघता बघता काच व्हायचा. क्ष-किरणांनी सावधपणे तपासल्यावर नाव पडलं ब्रिजमॅनाइट, उच्च दाबावरच्या कामासाठी १९४६चं नोबेल मिळवणाऱ्या पर्सी ब्रिजमन यांच्यावरून. पायाखालचा खडक ओळखायला आकाशातून दगड पडावा लागला.

त्याचं भावंड तर याहून हट्टी. कॅल्शियम सिलिकेटचं खोलवरचं रूप दाब काढला की लगेच कोसळतं, आकारहीन होतं. २०२१ साली त्याला डेव्हमाओआइट हे नाव मिळालं, ते बोट्स्वानातल्या एका हिऱ्याच्या पोटात सापडल्यामुळे. हिऱ्याने त्याला इतकं आवळून धरलं होतं, की वर आल्यावरही आत जमिनीखालच्या दाबाचा काही भाग शिल्लक होता. त्याआधी २०१८ साली हिऱ्यांमध्ये बर्फाचं सातवं रूपही सापडलं होतं. पाणी हेसुद्धा हायड्रोजनचं ऑक्साइडच, हे आपण विसरतो. तो बर्फ खोलीच्या तापमानाला बर्फच होता, कारण हिऱ्याने त्याला वितळायला जागाच ठेवली नव्हती.

किरणोत्साराची गोष्ट जराशी निराळी, ती थोडक्यात सांगते. झिरकॉनच्या, म्हणजे झिर्कोनियमच्या सिलिकेटच्या, स्फटिकात युरेनियमचे थोडे अणू घुसलेले असतात. एकेक फुटतो तेव्हा मागे रेटला गेलेला केंद्रक हजारांच्या घरात अणू विस्कटतो. कोट्यवधी वर्षांनी बाहेरून पैलू जसेच्या तसे आणि आत रचना नाहीशी, अशी अवस्था येते. स्फटिक जवळपास अठरा टक्क्यांनी फुगलेला असतो. इथे परत यायला उष्णता लागते. पुरेशी तापवली की रचना पुन्हा लागते, आणि काही खनिजं तर परतताना स्वतःच उजळून निघतात, साठलेली ऊर्जा बाहेर पडते म्हणून. अणुकचरा हजारो वर्षं सांभाळायला कुठला ऑक्साइड वापरावा, हे ठरवताना हीच परीक्षा असते. गॅडोलिनियम टायटनेट मारा सोसून काचेसारखं होतं. त्याचं झिर्कोनेट भावंड तेवढाच मारा खाऊन जागा अदलाबदल करतं, पण स्फटिक सोडत नाही. आतली मांडणी आधीच सैल असली की विस्कटायला फारसं काही उरत नाही.

त्या रात्रीचा भुगा मी फेकला नव्हता. सरांनी तो एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी रचना ओळखणाऱ्या यंत्राला, लावायला सांगितलं होतं. कागदावर अठ्ठावीस अंशांच्या जरा पुढे एक उंच शिखर, साडेएकतीसला दुसरं, दोन्ही तिरकस रूपाची. त्या दोघांच्या मधोमध, तिसाच्या थोडं पुढे, ताठ रूपाचं शिखर असतं. तिथे रेघ सपाट होती. सगळे परतले होते, एकही मागे राहिला नव्हता.

कॅप आली त्या दिवशी खुर्चीत आडवी पडून मी हेच आठवत होते. डेंटिस्टने ती बसवून बघितली, दातांत निळा कागद धरून चावायला सांगितलं आणि जिथे जास्त निळं उमटलं तिथे छोटं ग्राइंडर लावलं. घासलेल्या जागी वरवरचे काही कण नक्कीच तिरके झाले असणार, मी मनात म्हटलं. तोंडातला ओलावाही त्यांना वर्षानुवर्षं हळूहळू तसंच वळवत राहणार. हे सगळं डॉक्टरांना सांगावं असं फार वाटलं, पण तोंडात कापूस होता.

"आता चावून बघा," ते म्हणाले. "उंच लागतंय का कुठे?"

मी हलकेच दात मिटले.

"हळू कशाला? नेहमीसारखं चावा. फुटत नाही ती."